दादा, तुला शेवटच्या बोटीत बसवलं त्याबद्दल

दादा,

तू गेलास त्याला आज अकरा दिवस झाले, आणि मला कळून चार. पावसात टपाल अडकलं, असं पोस्टमन म्हणाला. म्हणजे मधले सात दिवस मी कामावर जात होतो, मावशीच्या खानावळीत जेवत होतो, रविवारी रस्सा तिखट झाला म्हणून कुरकुर केली, आणि तू नव्हतास. वैनीने शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं चार ओळींचं कार्ड. मरणाच्या बातमीचा म्हणून वरचा कोपरा फाडलेला. तो कोपरा बघितल्यावर वाचायचं काही उरलंच नव्हतं, तरी खोलीत सगळ्यांसमोर उभा राहून वाचलं. आपल्या वाडीच्या चाकरमान्यांच्या ह्या गावकीच्या खोलीतली पत्रं वाचायची आणि लिहायची ती मीच, हा नियम तूच घालून दिलेला. चौथ्या ओळीला कार्ड शेजारच्याच्या हातात दिलं, आणि ती ओळ त्याने अक्षरं लावत पुरी केली.

मग एक जण म्हणाला, "तीन महिन्यांचा माणूस, तेरा महिने काढले! मानला पाहिजे गड्याला."

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण कोणत्या तोंडाने? ते तीन महिने खोलीत मीच आणले होते.

तू माझा सख्खा भाऊ नव्हेस, हे लालबागेत फार थोड्यांना ठाऊक आहे. एका वाडीतले आपण, आडनावही वेगळं. मी चौदा वर्षांचा असताना तू मला मुंबईला आणलंस, खोलीत तुझ्या ट्रंकेच्या शेजारी माझी ट्रंक ठेवलीस आणि दुसऱ्याच दिवशी नायगावच्या रात्रशाळेत नाव घातलंस. मला साचेखात्यात, मागांवर, तुझ्याबरोबर यायचं होतं. तू म्हणालास, "साचे चलवूक मी आसय. तू शीक." तुला स्वतःला सहीपुरतीसुद्धा अक्षरं येत नव्हती, अंगठा द्यायचास. पण माझ्या परीक्षेच्या दिवसांत बावीस माणसांच्या त्या खोलीत तू कोणाला मोठ्याने बोलू द्यायचा नाहीस. एकाने भजन लावलं तर त्याला म्हणालास, "देवाक ऐकाक येता रे, हळू म्हण." माझी नोकरी लागली ती तुझ्याच गिरणीत, टाइम-कीपरच्या कचेरीत, हजेरीचा कारकून म्हणून. पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसलेला बघायला तू तीन वेळा काहीतरी निमित्त काढून आलास. चौथ्यांदा हेडक्लार्कने हाकललं तुला.

आपलं भांडण मात्र राहूनच गेलं, दादा.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला जाऊन तू यायचास, डोळे अश्रुधुराने लाल, सदरा घामाने भिजलेला, आणि वर चेहऱ्यावर असा आनंद की जणू जावई बघून आलास. मी वर्तमानपत्रं वाचणारा, म्हणून शहाणा. एकदा तुला म्हटलं, "तुझं घर गावाला, बायको गावाला, मुलगी गावाला. मुंबई महाराष्ट्रात आली काय, न आली काय, तुला काय फरक पडतो? तू इथे पाहुणा."

पंधरा दिवस बोलला नव्हतास माझ्याशी. मग एकदा जेवताना ताट बाजूला सारून म्हणालास, "पावणो कोणाक म्हणतस रे? सव्वीस वर्सां हय साचे चलयतंय मी. गाव माझा जन्माचा. मुंबय माझी कामाची. मरूचा खय, ता माझा मी बघीन."

मी हसलो. कोकणातला माणूस मुंबईत कमावतो आणि मरायला गावाला जातो, हे आपल्याकडे कोणी ठरवावं लागतच नाही. आजारी चाकरमान्याला गावच्या मुंबईतल्या मंडळाची माणसं उचलून बोटीत बसवतात, आणि तसं केलं नाही तर गाव मंडळाला नावं ठेवतो. तुझं ते बोलणं मी रागातलं समजलो. तू मला जे सांगत होतास ते मला समजलं नाही, आणि समजलं तेव्हा तू माझ्यापासून दोनशे मैलांवर होतास.

गेल्या वर्षी होळीनंतर तुला घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात. मावशी वेगळी पेज करायची तुझ्यासाठी, त्यात लोणच्याचा खार सुद्धा चालेना. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासणीला मीच बरोबर आलो, कारण डॉक्टरांशी बोलायला शिकलेला माणूस हवा. तिसऱ्या खेपेला त्यांनी तुला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. बाकावरून तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, जा जा, म्हणून. माझ्यावर तुझा केवढा विश्वास होता रे.

डॉक्टर काय म्हणाले ते आज पूर्ण लिहितो. आजवर पूर्ण कोणालाच सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "घशाचा कॅन्सर आहे. काहीच उपचार घेतला नाही तर बहुतेकांचे तीन-चार महिने जातात. पण हा अंदाज आहे हो, काहींचं वर्षही निघतं, त्याहून जास्तही. विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, दिला तर गिळता येईल, आवाजही टिकेल कदाचित. सहा आठवडे, रोज आणावं लागेल. बरे होतील असं वचन मी देत नाही. पण ठरवायचं त्यांनी. त्यांना नीट सांगा, त्यांना काय हवंय ते विचारा, आणि सोमवारी घेऊन या."

हे सगळं मला समजलं होतं. शब्द न् शब्द समजला होता. सरळ मराठीत बोलत होते.

रविवारी खोलीत मंडळाची बैठक बसली. बोटी बंद व्हायला चारच दिवस उरले होते, गुरुवारची शेवटची. त्यानंतर थेट श्रावणाच्या अखेरीपर्यंत समुद्र बंद. तुला पेज प्यायला म्हणून मावशीकडे पाठवून दिलं होतं. तुझ्याबद्दलची बैठक आणि तूच तिथे नाहीस, हे कोणालाच खटकलं नाही, मलाही नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "किती?" रोग कुठला, उपाय काय, कोणी विचारलं नाही. किती, एवढंच. बोट गाठायची की नाही हे त्यावर ठरणार होतं.

मी म्हणालो, "तीन महिने."

वर्षानुवर्षं ह्या खोलीतल्या तारा मी लिहीत आलो. कोणाचा बाप गेला, कोणाला मुलगा झाला, सगळं पाच-सहा शब्दांत बसवायचं. माणसं समोर बसून घडाघडा सांगायची आणि मी त्यातलं एवढंसं उचलायचो. त्या दिवशीही तसंच केलं, असं मी स्वतःला वर्षभर सांगत आलो आहे. "अंदाज" गाळला. "काहींचं वर्ष" गाळलं. शेक गाळला. "त्यांना विचारा" हे तर सगळ्यात आधी गाळलं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "मग बोट चुकवू नका." झालं. पाच मिनिटांत तुझा निकाल लागला.

एकट्या मावशीने हरकत घेतली. कळल्यावर हातातली पळी तशीच घेऊन जिना चढून खोलीवर आली. "तीन म्हयने म्हणजे काय रे? तो डॉक्टर काय चित्रगुप्त लागून गेलो? दुसरो कायच उपाय नाय सांगल्यान?" मी म्हटलं, नाही. ती तशीच पळी घेऊन खाली गेली. चूल पेटती होती, बावीस माणसं जेवायची होती.

तुला म्हटलं, हवापालट. डॉक्टरांनीच सांगितलंय.

"डॉक्टरान सांगल्यान?" तू विचारलंस.

"होय."

"मग ठीक."

आणि दुसऱ्या दिवशी एक कागद तुझ्यासमोर धरला. रजेचा अर्ज, म्हटलं. तू अंगठा केलास. तो राजीनामा होता, दादा. तुझ्या जागी वैनीचा भाऊ पांडू लागावा म्हणून. साचेवाला गेला की त्याच्या जागेवर घरातला माणूस घ्यायचा, ही रीत. पण तू जिवंत असेपर्यंत काम झालं तर बरं, मागून साहेब ऐकतात न ऐकतात. वैनीच्या, पोरीच्या पोटाचा विचार होता त्यात, खोटं नाही सांगत. सगळेच म्हणाले, शहाणपणाचं केलंस. कामावर बसून हजारदा दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, पण त्या दिवशी शाई वाळेपर्यंत कागदाकडे बघवेना.

भाऊच्या धक्क्यावर तुला पोचवायला अर्धी वाडी आली होती. तू वैतागलास. "रजेवर जाणाऱ्या माणसाक इतकी गर्दी कित्याक?" पांडू रडायला लागला तेव्हा त्याला मी कोपराने ढोसलं. तू बोटीच्या कठड्याला धरून उभा राहिलास आणि ओरडून म्हणालास, "गणपती झाल्यार येतंय. माझी जागा धरून ठेव." तेव्हा आवाज होता तुझा, घोगरा, पण होता.

आठ दिवसांत तुझी ट्रंक माळ्यावर गेली आणि तुझ्या झोपायच्या जागेवर वाडीतला एक नवा पोऱ्या आला. मीच त्याचं नाव यादीत लिहिलं.

तीन महिने झाले. तू मेला नाहीस.

गणपतीनंतर मास्तरांच्या हातचं पत्र आलं. वाचताना मावशी हसून हसून खाली बसली. तू लिहवून घेतलं होतंस, "आख्खी वाडी गणपतीक इली ती माका बघूक. गणपती ऱ्हवलो बाजूक. माका बघतत, पावणे येतत, भावजी येतत, डोळे पुसतत, आणि मी उठान बसलो की नाराज होवन जातत." मावशीने डोळे पुसले आणि म्हणाली, "ह्यो बरो होतलो. ह्याका आण परत." शेवटी तू लिहिलं होतंस, "पुढच्या बोटीन येतंय. सोमवारी डॉक्टराक दाखवुया. तू रजा काढून ठेव."

बोटी सुरू झाल्या होत्या. गुरुवारी निघून शुक्रवारी तू धक्क्यावर उतरला असतास. मी उत्तर लिहिलं, अजून अशक्त आहेस, समुद्राची हवा सोसायची नाही, पुढच्या बोटीला बघू. दिवाळीला लिहिलंस. पुढच्या बोटीला बघू. संक्रांतीला लिहिलंस. तेच. मी काय करणार होतो? आलास की सरळ गिरणीत जाणार तू, आणि साच्यांवर पांडू. खोलीत जाणार, आणि जागेवर दुसरा. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मनात कुठेतरी असं पक्कं बसलं होतं की तुझी मुदत संपलेली आहे. आज नाही तर उद्या. ह्या माणसाला बोटीत बसवायचं आणि वाटेत काही झालं तर? तू सहा महिने काढलेस, आठ महिने काढलेस, तरी एकदाही आमच्या डोक्यात आलं नाही की डॉक्टरांनी सांगितलेल्या "काहींमधला" तू असशील. येणार कसं? ते "काही" मी खोलीत आणलेच नव्हते. आम्ही तुला उशीर झालेला माणूस समजत होतो.

आणि तू तिथे ओसरीवर बसून बोटीच्या भोंग्याकडे कान लावायचास, असं वैनीने पुढे कळवलं. शिमग्याच्या सुमारास तुझा आवाज गेला. पूर्ण गेला. तुझ्या शेवंतीने दुसरीतल्या पाटीवर तुला अक्षरं शिकवायला घेतली. पन्नाशीला आलेला बाप आणि आठ वर्षांची मास्तरीण. चुकलास की पट्टी मारते म्हणे. मी तुला किती वर्षं म्हणत होतो, दादा, अक्षरं शीक, आणि तू म्हणायचास, "तू आसस मा?" होतो ना. म्हणून तर.

मग महाराष्ट्र झाला.

त्या दिवशी लालबागेत, परळला, गिरगावात जे काही होतं ते तुला दोन पानं भरून लिहिलं. दिव्यांच्या माळा, ओळख ना पाळख अशी माणसं पेढे तोंडात कोंबतायत, म्हाताऱ्या नाचतायत. मावशीने येईल त्याला शिरा वाढला, खानावळीचं खातंबितं काही बघितलं नाही. दादरपर्यंत मी चालत गेलो आणि चालत आलो. सगळा रस्ता रडत होतो, आणि लोकांना वाटत होतं आनंदाने. पत्रात शेवटी लिहिलं, "आज तू इथे असायला हवा होतास." ज्याने तुला इथून घालवलं त्यानेच हे लिहावं. मुंबईसाठी तू डोळे जाळून घेतलेस, आणि मुंबई मिळाली त्या दिवशी मुंबईत पाहुणा म्हणून हिंडलो तो मी.

परवा त्या डॉक्टरांकडे गेलो. कशाला, मलाही ठाऊक नाही. शिव्या खायला असेल. तासभर रांगेत उभा राहिलो. त्यांना तू आठवत नव्हतास, त्यांचा काय दोष, रोज एवढी माणसं येतात. जुना कागद काढून बघितला. म्हणाले, "हे पुढे आलेच नाहीत. सोमवारी बोलावलं होतं."

मी म्हटलं, "तेरा महिने जगले."

"शेक न घेता?" त्यांनी चष्मा काढला. "चिवट होते हो."

"घेतला असता तर?"

ते कागदाची घडी घालत राहिले. "सांगता येत नाही," म्हणाले, "तेव्हाही सांगता येत नव्हतं. मी त्यांना आणायला सांगितलं होतं ते त्यासाठीच. तेरा महिने जगायचेत की तीन, हे मला ठाऊक नव्हतं. ते कुठे आणि कसे जगायचे, हे त्यांना विचारता आलं असतं." रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता शेवटचं. इतका वेळ टाळत होतो.

माझ्या त्या दोन पानांना तुझं उत्तर आलं. मास्तरांच्या हातचं नव्हे, तुझ्या हातचं. तुझं पहिलं पत्र. अक्षरं बाभळीच्या काट्यांसारखी, एक इकडे एक तिकडे, काना पुढच्या ओळीत. पांडू सुट्टीवर गावाला गेला तेव्हा त्याने सगळं बोलून टाकलं असणार, साच्यांचं, अंगठ्याचं, तीन महिन्यांचं. शिवी नाही, रडगाणं नाही. एकच ओळ.

"तीन म्हयने कोण म्हणालो. डॉक्टर का तू."

महिनाभर मी उत्तर लिहीत होतो, दादा. लिहायचो आणि फाडायचो. डॉक्टर म्हणाले असं लिहिलं असतं तर अर्धं खरं होतं, तुझं समाधानही झालं असतं, दैवाला दोष देऊन निवांत गेला असतास. तेही लिहवेना. तू वाट बघितली असशील. पोस्टमन दिसला की पाटी खाली ठेवली असशील. आणि मग कोपरा फाडलेलं कार्ड आलं.

डॉक्टर नव्हे रे. मी.

बोटीमुळे नव्हे, मंडळामुळे नव्हे, तारा लिहायच्या सवयीनेही नव्हे. ते सगळं मी मागाहून जुळवलं. खरं हे की मी दमलो होतो. तुझं ओकणं, ती फडकी रोज पहाटे नळावर धुणं, तुझं कण्हणं, आणि वर माझ्याकडे बघून तुझं ते हसणं, की पोर माझं किती करतं. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे, रोज, तेव्हा मी मनात पहिलं काय मोजलं ठाऊक आहे? तुझे दिवस नाही मोजले. माझे मोजले. रोज तुला धरून परळपर्यंत कोण नेणार, तर मी. म्हणून बैठकीत जे सांगितल्यावर कोणी पुढे काही विचारणार नाही, तेवढंच सांगितलं.

तू मरावास असं माझ्या मनात कधीही आलं नाही, दादा, शेवंतीची शपथ. तू इथून जावास, एवढंच आलं होतं.